पैसे कट, कॉइन गायब, तीन दिवसांनी आपोआप रिफंड! इन-ॲप परचेसमध्ये माझं नक्की काय चुकतंय?

अर्धवट_कोडर

नमस्कार मंडळी. एकट्याने बनवलेला शब्दकोड्यांचा गेम आहे, अँड्रॉइडवर, कॉटलिन भाषेत. प्ले बिलिंग लायब्ररी (ॲपमधून पैसे घ्यायचा गूगलचा तयार कोड) थेट वापरलीये, मधे दुसऱ्या कोणाचं रॅपर वगैरे नाही. विकायला दोनच गोष्टी ठेवल्यात, एक कॉइनचं पॅक (संपलं की परत घ्यायचं) आणि दुसरं "जाहिराती काढा", ते एकदाच घ्यायचं, कायमचं.

टेस्टिंगला सगळं मस्त चाललं होतं. टेस्टर अकाउंटवरून खरेदी केली, कॉइन आले, खूश होऊन ॲप बंद केलं आणि रिलीज करून टाकलं. आता महिना होत आला आणि दिवसाआड एक तरी शिव्यांचा मेल येतो.

म्हणजे बघा, काही जणांचे पैसे कट होतात पण कॉइन येत नाहीत, ते परत घ्यायला गेले की "हे तुमच्याकडे आधीच आहे" असा एरर, आणि मग तीन दिवसांनी पैसे आपोआप परत. मी रिफंड दिलेला नाही, प्ले कन्सोलला (डेव्हलपरसाठीच्या गूगलच्या पानाला) हातसुद्धा लावलेला नाही. "जाहिराती काढा" वाल्यांची गंमत वेगळीच, त्यांना तीन दिवस जाहिराती दिसत नाहीत आणि चौथ्या दिवशी परत सुरू. एक माणूस म्हणाला "भाड्याने दिलं होतं का?"

यावर उपाय म्हणून मी गेल्या आठवड्यात ॲप सुरू होतानाच जुन्या खरेद्या तपासून कॉइन द्यायला लागलो. तर आता एका बाईंना एकाच खरेदीचे दोनदा कॉइन मिळाले. त्यांनी तक्रार केली नाही हे वेगळं सांगायला नको, मला लॉगमध्ये दिसलं.

कोड साधारण असा: परचेसेस-अपडेटेड कॉलबॅक (खरेदी झाली की लायब्ररी ॲपला मारते ती हाक) आला की शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये (फोनवरच्या साध्या फाइलमध्ये) कॉइन वाढवतो, मग कन्झ्यूमचा कॉल मारतो (पॅक खपलं, परत विकता येईल असं स्टोअरला कळवणं), त्याचं उत्तर काय आलं ते बघत नाही. जाहिरातींसाठी नुसता फ्लॅग (हो-नाहीची खूण) ट्रू करतो. ॲप सुरू होताना स्टोअरला विचारतो, खरेदी नाही दिसली तर फ्लॅग फॉल्स. पुढच्या महिन्यात आयओएस पण करायचंय आणि नंतर सबस्क्रिप्शन, पण आधी हे आवरलं पाहिजे. कोणीतरी हात द्या.

---

लॉगकॅट_वाचक

भावा, तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे, "तीन दिवस" हा आकडा वाचला आणि मला हसू आलं, कारण मी पण यातून गेलोय.

प्ले स्टोअरचा नियम असा आहे की खरेदी झाल्यावर तीन दिवसांच्या आत तुझ्या ॲपने "हो, मिळाली, माल दिला" असं कळवायचं, म्हणजे अ‍ॅक्नॉलेज करायचं. नाही केलं तर स्टोअर समजतं की दुकानदार पैसे घेऊन गप्प बसलाय, आणि ग्राहकाला पैसे परत देऊन खरेदी रद्द करतं. तुझ्या "जाहिराती काढा" मध्ये अ‍ॅक्नॉलेजच नाहीये! नुसता फ्लॅग लावलास. तीन दिवसांनी खरेदी रद्द, मग तुझंच ॲप सुरू होताना विचारतं, यादी रिकामी येते, फ्लॅग फॉल्स. म्हणजे तुझा तो कोड बरोबर चाललाय एकदम.

टेस्टिंगला का नाही दिसलं? टेस्टर अकाउंटला हीच मुदत तीन दिवसांऐवजी काही मिनिटांची असते. तू कॉइन बघितलेस आणि ॲप बंद केलंस. "जाहिराती काढा" पण घेऊन, थोडा वेळ थांबून परत उघडलं असतंस तर तिथेच पकडला गेला असतास.

आता कॉइनचं. कन्झ्यूम केलं की अ‍ॅक्नॉलेज त्यातच येतं, दोन्ही करायची गरज नाही. पण तुझा कन्झ्यूम फक्त कॉलबॅकमधून होतो ना, आणि कॉलबॅक दर वेळी येईलच असं नाही. माणूस पैसे भरताना बँकेच्या ॲपमध्ये जातो, ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातो, तोवर कमी रॅमच्या फोनवर सिस्टिमने तुझं ॲप मारून टाकलेलं असतं. पैसे गेले, स्टोअरकडे खरेदीची नोंद झाली, पण ऐकायला तुझं ॲपच जिवंत नाही. परत घ्यायला गेला की "आधीच आहे", कारण आधीचं पॅक कन्झ्यूम झालेलंच नाही. आणि तीन दिवसांनी रिफंड. सगळे दुवे जुळतात की नाही बघ.

म्हणून क्वेरी-परचेसेस (या माणसाच्या खरेद्या कोणत्या, असं स्टोअरला विचारणं) फक्त ॲप सुरू होताना नाही तर ऑन-रिझ्यूममध्ये (ॲप परत समोर आलं की) पण मारायची, आणि सगळ्या प्रॉडक्टसाठी, फक्त जाहिरातीवाल्या नाही. जे अर्धवट राहिलंय ते पूर्ण करायचं. कॉलबॅक म्हणजे "बहुतेक वेळा लवकर कळवणारा शेजारी" एवढंच समज, खरं काय ते क्वेरीला माहीत.

अजून एक, परचेस स्टेट बघतोयस का? पेंडिंग पण असते. काही पेमेंटचे प्रकार असे असतात की माणूस खरेदी आत्ता सुरू करतो आणि पैसे नंतर कुठेतरी जाऊन भरतो. तेव्हा खरेदी तुझ्या कॉलबॅकमध्ये येते पण पेंडिंग म्हणून. तिथे कॉइन दिलेस तर फुकट गेले समज. पर्चेस्ड (पैसे भरून पूर्ण) झाली की मगच द्यायचे. आणि ती तीन दिवसांची मुदत पण पेंडिंग संपून पर्चेस्ड झाल्यापासूनच मोजतात, त्यामुळे घाबरू नकोस.

---

अर्धवट_कोडर

अरे देवा. अ‍ॅक्नॉलेज हा शब्द मी डॉक्युमेंटेशनमध्ये वाचला होता आणि मला वाटलं होतं की कॉलबॅक आला म्हणजे झालं ते. धन्यवाद भावा, आजच बसतो.

पेंडिंगचं चेक केलेलं नाही, तसाच देतोय. पण मग पेंडिंग असताना स्क्रीनवर दाखवायचं काय? आणि टेस्ट कसं करायचं?

आणि ते डबल कॉइनचं कोडं अजून सुटलं नाही.

---

लॉगकॅट_वाचक

पेंडिंगला सरळ लिहायचं, "पेमेंट यायचं बाकी आहे, आलं की कॉइन जमा होतील". खोटा हिरवा टिक दाखवू नकोस, लाल एरर पण नको. टेस्टर अकाउंटला पैसे भरायच्या यादीत स्लो टेस्ट कार्ड नावाचे प्रकार दिसतात, एक काही मिनिटांनी मंजूर होतं, दुसरं काही मिनिटांनी नाकारलं जातं. दोन्ही वापरून बघ, आणि मधे ॲप रीसेंट्समधून उडव. हीच खरी परीक्षा.

डबलचं कोणीतरी सर्व्हरवालं सांगेल, माझा हात तिथे आखडतो.

---

सर्व्हरताई

सांगते. तुम्ही आधी कॉइन देता, मग कन्झ्यूम करता. हा क्रम बरोबरच आहे, उलटा केलात तर कन्झ्यूम झालं आणि कॉइन द्यायच्या आधी ॲप मेलं, मग ती खरेदी स्टोअरच्या यादीतूनही गेली आणि तुमच्याकडेही नाही, ग्राहक कायमचा बुडाला. तर क्रम ठीक. पण कॉइन दिले, कन्झ्यूमचा कॉल नेट नसल्यामुळे फेल झाला, तुम्ही उत्तर बघितलं नाही. पुढच्या वेळी ॲप उघडलं, तुमच्या नव्या "उपाया"ने स्टोअरला विचारलं, स्टोअर म्हणालं ही खरेदी अजून बाकी आहे, तुम्ही परत कॉइन दिले. मोजून दोनदा. नेट अजून एकदा गेलं असतं तर तिसऱ्यांदाही मिळाले असते त्या बाईंना.

हे बंद करायचा एकच मार्ग आहे, प्रत्येक खरेदीची एकदाच नोंद होईल अशी वही ठेवायची. प्रत्येक खरेदीला परचेस टोकन असतं ते युनिक असतं, ते डेटाबेसमध्ये युनिक की (टेबलात एकदाच येऊ शकणारी ओळख) म्हणून टाका. नोंद आणि कॉइन वाढवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. टोकन आधीच असेल तर कॉइन वाढवायचे नाहीत, फक्त कन्झ्यूम परत मारायचं. मग कॉलबॅक येऊ दे, ऑन-रिझ्यूम येऊ दे, सर्व्हर नोटिफिकेशन येऊ दे, एकाच खरेदीची बातमी चार दारांनी आली तरी कॉइन एकदाच.

ऑर्डर आयडी मात्र की म्हणून वापरू नका, बरेच जण वापरतात कारण तो वाचायला सुटसुटीत दिसतो. प्रोमो कोडने घेतलेल्या खरेदीला ऑर्डर आयडीच नसतो. मग तुमच्या टेबलात रिकाम्या कीची पहिली नोंद बसते आणि त्यानंतरच्या सगळ्या प्रोमोवाल्यांना "आधीच दिलंय" असं उत्तर.

आणि ही वही फोनवर ठेवू नका. शेअर्ड प्रेफरन्सेसमधले कॉइन म्हणजे उघड्यावर ठेवलेला गल्ला. रूट केलेल्या (सिस्टिमचं कुलूप काढलेल्या) फोनवर ती फाइल कोणीही बदलतं, बिलिंगचं खोटं उत्तर देणारी टूल्स पण फिरत असतात. ॲपने टोकन सर्व्हरला पाठवायचं, सर्व्हरने प्ले डेव्हलपर एपीआयला (सर्व्हरने गूगलला प्रश्न विचारायची खिडकी) विचारायचं की हे खरं आहे का, खरं असेल तर नोंद, कॉइन, आणि कन्झ्यूमसुद्धा सर्व्हरवरूनच मारायचं. मग फोनचं नेट गेलं काय आणि बॅटरी गेली काय. खरेदी सुरू करताना ऑबफस्केटेड अकाउंट आयडी म्हणून तुमच्या युजरचा हॅश (त्याच्या आयडीवरून बनवलेला, उलगडता न येणारा कोड) पाठवून ठेवा, नाहीतर टोकन आलं पण ते कोणाचं हे शोधत बसाल.

---

एकटाच_बिल्डर

ताईंचं सगळं पटतं पण जरा थांबा. एकट्या माणसाचा शब्दकोड्यांचा गेम आहे, बँक नाहीये. सर्व्हर म्हटलं की लॉगिन आलं, डेटाबेस आला, बॅकअप आले, रात्री दोनला सर्व्हर पडला की उठणं आलं. मी चार वर्षं सर्व्हरशिवाय दोन ॲप चालवतोय. परचेसची डिजिटल सही प्ले कन्सोलमधल्या पब्लिक कीने फोनवरच तपासतो, टोकनांची यादी लोकल डेटाबेसमध्ये ठेवतो आणि कन्झ्यूम फेल झालं तर परत मारतो. ज्याला फुकट घ्यायचंय तो तसाही पैसे देणार नव्हता. त्याच्यामागे लागून चांगल्या ग्राहकांना लॉगिनचा स्क्रीन दाखवायचा, हा कुठला धंदा?

आणि अगदीच हवं असेल तर रेव्हेन्यूकॅट, अडॅप्टी असल्या तयार सेवा आहेत, त्या दोन्ही स्टोअरचं पडताळणीचं काम अंगावर घेतात. पुढे आयओएस करायचंच आहे म्हणतोय तर तिथे अर्धा वेळ वाचेल.

---

सर्व्हरताई

चोरांचं सोडा हो, त्याबद्दल मी भांडणारच नाही. माझा मुद्दा फोन हरवतो तिथे आहे. "जाहिराती काढा" नवीन फोनवर क्वेरीने परत मिळतं, ते तुमच्या पद्धतीनेही चालेल. पण कन्झ्यूम झालेले कॉइन स्टोअर लक्षात ठेवत नाही, त्याच्या दृष्टीने माल खपला. कोणी मोठं पॅक घेतलं, दुसऱ्या दिवशी फोन बदलला, शिल्लक कुठून आणणार? लोकल डेटाबेस त्या जुन्या फोनबरोबर गेला. तेव्हा मेल येतो तो शिव्यांचाच असतो.

आणि सर्व्हर म्हणजे रॅक घेऊन बसायचं असं नाही. एक क्लाउड फंक्शन (दुसऱ्याच्या सर्व्हरवर गरजेपुरता चालणारा छोटा कोड) आणि एक टेबल, बास. लॉगिन पण स्क्रीन दाखवून करायची गरज नाही, आधी अनामिक अकाउंट द्या, ज्याला शिल्लक दुसऱ्या फोनवर हवी असेल त्याने नंतर ते ईमेलला जोडावं. तयार सेवांचं तुमचं म्हणणं मान्य आहे, फक्त त्या पडताळणी करतात म्हणून कॉइनचा हिशोब आपोआप नीट होतो असं समजू नका, "हा व्यवहार आधी मोजलाय का" हा प्रश्न तिथेही तुमच्याच गळ्यात असतो.

---

एकटाच_बिल्डर

फोन बदलल्याचा मुद्दा बरोबर. माझ्याकडे कॉइन नाहीत, फक्त कायमची अनलॉक आहेत, म्हणून चार वर्षं झोप लागली असावी. मागे घेतो.

---

स्विफ्ट_काका

आयओएसचं आत्ताच ऐकून ठेव, नंतर धावपळ होते.

स्टोअरकिट २ (ॲपलची खरेदीची लायब्ररी) वापर, २०२१ साली आयओएस १५ बरोबर आलं ते. जुनं रिसीटचं प्रकरण आणि व्हेरिफाय-रिसीटचा एंडपॉइंट (पावती तपासायचा ॲपलच्या सर्व्हरवरचा पत्ता) वापरणारे ट्युटोरियल अजून सगळीकडे पडलेत, तो एंडपॉइंट आता डेप्रिकेटेड आहे, म्हणजे नव्याने वापरू नका असं ॲपलच सांगतं, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. नव्यात प्रत्येक व्यवहार ॲपलच्या सहीनिशी येतो, तो सर्व्हरवर तपासता येतो.

तिथे अ‍ॅक्नॉलेजच्या जागी फिनिश आहे. माल दिला की ट्रान्झॅक्शन फिनिश करायचं, आधी नाही. फरक असा की तिथे तीन दिवसांनी पैसे परत जात नाहीत, तर फिनिश न केलेला व्यवहार ॲप उघडलं की परत परत समोर येत राहतो, वसुलीवाल्यासारखा. म्हणून ॲप सुरू होताक्षणी, अगदी पहिल्या स्क्रीनच्या आधी, ट्रान्झॅक्शन-अपडेट्स ऐकायला बसवून ठेवायचं. लोक ते दुकानाच्या स्क्रीनवर लावतात आणि मग मुलाने मागितलेली आणि आईवडिलांनी संध्याकाळी मंजूर केलेली खरेदी कोणाला कळतच नाही. ती आस्क-टू-बाय. तुमच्या पेंडिंगचा भाऊ.

करंट-एन्टायटलमेंट्स म्हणून जी यादी मिळते तिच्यात कायमच्या वस्तू आणि चालू सबस्क्रिप्शन येतात, कॉइन येत नाहीत. म्हणजे ताईंचा वहीचा सल्ला इथे पण लागू. युजर ओळखायला ॲप-अकाउंट-टोकन असतं, ते यूयूआयडीच (ठरावीक साच्यातला लांबलचक युनिक आयडी) असावं लागतं, तुझा ईमेलचा हॅश तसाच चालणार नाही, तेव्हा आत्ताच युजर आयडी यूयूआयडी ठेवलास तर पुढे सुखी होशील.

रिस्टोअर परचेसेसचं बटण ठेव. स्टोअरकिट २ मध्ये बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही, पण परत मिळवता येतील अशा खरेद्यांसाठी ती सोय द्या असं ॲपलच्या रिव्ह्यूच्या (ॲप स्टोअरवर यायच्या आधीच्या तपासणीच्या) नियमांत आहे. मी एकदा "गरजच काय" म्हणून काढलं होतं आणि रिजेक्शन खाल्लं, चूक माझीच.

आणि हे लिहून भिंतीवर चिकटव: रिव्ह्यू करणारा माणूस तुझी रिलीज बिल्ड चालवतो पण त्याची खरेदी सँडबॉक्समध्ये (खरे पैसे न कापणाऱ्या चाचणीच्या जागेत) होते. तुझा सर्व्हर जर फक्त प्रॉडक्शनलाच (खऱ्या दुकानालाच) विचारत असेल तर त्याला एरर दिसेल, आणि तुझ्याकडे सगळं ठीक चालेल, आणि तू तीन दिवस त्याच्याशी भांडत बसशील. आधी प्रॉडक्शनला विचार, तिथे सापडलं नाही तर सँडबॉक्सला.

प्रॉडक्टची यादी रिकामी येत असेल तर कोड उसवायच्या आधी ॲप स्टोअर कनेक्टमध्ये पेड ॲप्सचं ॲग्रीमेंट, बँक आणि टॅक्सची माहिती पूर्ण आहे का बघ. दहातल्या नऊ जणांचं ते निघतं. (दहातले नऊ हा माझा अंदाज, मोजलेले नाहीत.)

---

अर्धवट_कोडर

काका, हे सगळं कॉपी करून ठेवलं. यूयूआयडीचं बरं झालं सांगितलंत, मी ऑटो-इन्क्रिमेंट आकडाच वापरणार होतो.

सर्व्हर करायचं ठरवलं, एक फंक्शन आणि एक टेबल. एक बावळट प्रश्न, किंमत मी सध्या बटणावर स्वतः लिहिलेली आहे, परदेशातल्या एकाने स्क्रीनशॉट पाठवला की बटणावर एक आकडा आणि पैसे भरायच्या खिडकीत दुसराच. आणि कमिशन नक्की १५ टक्के की ३०? दोन्ही वाचलंय.

---

स्विफ्ट_काका

किंमत कधीच स्वतः लिहायची नाही. दोन्ही स्टोअर त्या माणसाच्या चलनात, त्याच्या पद्धतीने लिहिलेली स्ट्रिंग देतात, ती जशीच्या तशी बटणावर टाकायची. आकडा वेगळा काढून स्वतः चिन्ह जोडायला गेलास तर कुठे चिन्ह मागे असतं, कुठे दशांशाला स्वल्पविराम असतो, नको ते.

कमिशनचं म्हणशील तर ३० हा मूळ दर. छोट्या डेव्हलपरसाठी ॲपलने जानेवारी २०२१ पासून १५ केला, वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमाई असेल तर. प्लेने त्याच वर्षी जुलैपासून पहिल्या १० लाख डॉलरवर १५ केला. पण हे आपोआप लागत नाही, दोन्हीकडे नाव नोंदवावं लागतं, आणि लोक विसरतात. त्यानंतर कोर्टकचेऱ्या आणि नवे कायदे झाल्यामुळे देशागणिक नियम बदलत चाललेत, तेव्हा पैशाचा हिशोब मांडायच्या दिवशी स्टोअरचं पान स्वतः उघडून बघ, माझ्या पोस्टवर विसंबू नकोस.

---

नूतनीकरण_वैतागलेला

सबस्क्रिप्शनचा उल्लेख झालाय म्हणून आलो, थोडक्यात लिहितो. लिहितो म्हणजे रडतो.

कॅन्सल आणि एक्स्पायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाने पाच तारखेला कॅन्सल केलं म्हणजे पुढचा हप्ता नको, पण चालू महिन्याचे पैसे त्याने दिलेत, महिना संपेपर्यंत त्याला सगळं मिळालं पाहिजे. मी कॅन्सलची नोटिफिकेशन आली की लगेच बंद करत होतो, आणि लोकांनी जे सुनावलं ते बरोबरच होतं. कायम एक्स्पायरीची तारीख बघून निर्णय घ्या.

कार्ड चाललं नाही तर ग्रेस पिरियड असतो, त्यात सेवा चालू ठेवायची आणि "कार्ड बघा" असं सांगायचं. त्यानंतर प्लेवर अकाउंट होल्ड, त्यात सेवा बंद, पण माणूस गेलेला नाही, पैसे आले की परत चालू. हे दोन एकच समजू नका.

प्लॅन बदलला की प्लेवर नवीन टोकन येतं आणि जुनं लिंक्ड टोकन म्हणून त्यात दिलेलं असतं. जुन्या टोकनाचा हक्क तिथल्या तिथे काढला नाही तर एकच माणूस दोन सबस्क्रिप्शनचा मालक होऊन बसतो. ॲपलकडे ओरिजिनल ट्रान्झॅक्शन आयडी सगळ्या नूतनीकरणांना एकच राहतो, तो धरून चाला.

टेस्टला महिन्याचं सबस्क्रिप्शन दोन्हीकडे साधारण पाच मिनिटांत रिन्यू होतं, चहा घ्यायला गेलात तर दोन-तीन महिने निघून गेलेले असतात.

---

अर्धवट_कोडर

मंडळी, अपडेट. अ‍ॅक्नॉलेज टाकलं, ऑन-रिझ्यूमला क्वेरी टाकली, सर्व्हर उभा केला, टोकन युनिक की. स्लो कार्ड वापरून, ॲप मारून, फ्लाइट मोड लावून, सगळे छळ केले. दोनदा कॉइन येणं बंद.

पण आता नवीनच. सर्व्हर खऱ्या खरेदीला "वैध नाही" म्हणतो, प्रत्येक वेळी. तोच टोकन फोनवर पर्चेस्ड दिसतो. सर्व्हिस अकाउंटची (सर्व्हर ज्या खात्याने गूगलला विचारतो त्याची) परवानगी आहे, एपीआयचं उत्तर २०० (म्हणजे यशस्वी) येतं, जेसॉन (उत्तरातला मजकूर) नीट आहे. मी परचेस स्टेट १ आहे का तेवढंच तपासतोय, आणि येतंय ०. फोनवर त्याच खरेदीला १ आहे. दोन दिवस डोकं आपटतोय. एपीआय जुना डेटा देतो का?

---

सर्व्हरताई

नाही नाही, डेटा ताजाच आहे. फोनवरच्या लायब्ररीत ० म्हणजे अनिश्चित, १ म्हणजे पर्चेस्ड, २ पेंडिंग. सर्व्हरच्या प्रॉडक्ट्स एपीआयमध्ये ० म्हणजे पर्चेस्ड, १ म्हणजे कॅन्सल्ड, २ पेंडिंग. नाव एकच, आकडे वेगळे. तुमचा सर्व्हर सध्या खऱ्या ग्राहकांना हाकलतोय आणि रद्द झालेल्या खरेद्यांना कॉइन द्यायला तयार बसलाय.

---

अर्धवट_कोडर

...

ताई, बदललं. चाललं. रद्द झालेली एक खरेदी खरंच आली होती काल, तिला कॉइन गेलेत, वहीत दिसतंय.

ते परत कसे घ्यायचे? त्याने अर्धे खर्च पण केलेत.

---

सर्व्हरताई

ही तुमच्या कोडची चूक होती, त्याची नाही, त्यामुळे या एकाचे सोडून द्या. पुढच्यांसाठी व्हॉइडेड परचेसेस एपीआय आहे, रिफंड आणि चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत घेणं) झालेल्या खरेद्यांची यादी देतो. तो साधारण गेल्या ३० दिवसांचंच दाखवतो, तेव्हा रोज रात्री एकदा चालवा, महिन्यातून एकदा नको. रिअल-टाइम नोटिफिकेशन लावणार असाल तर कन्सोलमध्ये एकवेळच्या खरेद्यांचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, नाहीतर कॉइनच्या खरेद्यांच्या नोटिफिकेशन येणारच नाहीत आणि तुम्ही परत इथे याल. ॲपलकडे रिफंडची नोटिफिकेशन सर्व्हरला येते.

शिल्लक वजा करायची की शून्यावर थांबवायची हा तुमचा निर्णय. मी वजा होऊ देते, पण तो आकडा ग्राहकाला दाखवत नाही, त्याला शून्य दिसतं आणि पुढच्या खरेदीतून वळते होतात. बिल्डरभाऊंना हे आवडणार नाही.

---

एकटाच_बिल्डर

नाहीच आवडलं. पुढचं पॅक घेतलं आणि अर्धेच कॉइन आले तर तो परत रिफंड मागेल, आणि या वेळी त्याचं बरोबर असेल. शून्यावर थांबवा, आणि एकाच अकाउंटवरून तीनदा असं झालं तर दुकान बंद करा त्याला.

---

अर्धवट_कोडर

शून्यावर थांबवतोय. आणि "भाड्याने दिलं होतं का" वाल्याला मेल केलाय, त्याला "जाहिराती काढा" माझ्याकडून फुकट, प्रोमो कोड पाठवला.

त्याला ऑर्डर आयडी येणार नाही ना, आता कळलं.